'यस' आवडत नाही, म्हणून कान कच्चा?

प्रिय ताई,

आम्ही चार मित्र अधूनमधून एकत्र बसून प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत, ऐकतो. आमच्यात वयाने सगळ्यात मोठे आहेत त्यांना आम्ही दादा म्हणतो. हे संगीत मला त्यांनीच ऐकवलं. मागे एकदा 'सगळ्यात ओव्हररेटेड बँड कुठला' असा विषय निघाला. एकाने इमर्सन, लेक अँड पामरचं नाव घेतलं, सगळे हसलो. दुसऱ्याने ड्रीम थिएटर म्हटलं, पुन्हा हसलो. मी 'यस' म्हणालो. त्यांचं 'क्लोज टू द एज' अठरा मिनिटं चालतं, त्यात ऐवज दोन मिनिटांचा आहे, बाकी नुसता पसारा, आणि हुशार दिसायचं म्हणून लोक ते आवडतं असं सांगतात, असंही बोलून गेलो. दादांचा जीव यसवर आहे हे मला ठाऊक होतं. त्यांचे वडील गेले त्या वर्षी ते रोज रात्री हीच रेकॉर्ड लावायचे, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "तुझा कान अजून कच्चा आहे. तू आपला पिंक फ्लॉइडच ऐक." तेव्हापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतात. मला फ्लॉइड आणि कॅमल खरंच मनापासून आवडतात. माझा कान कच्चा आहे का? आवडत नसलं तरी आवडतं म्हणावं का? दादांची माफी मागू का? आणि तुमच्या मते यस ओव्हररेटेड आहे की नाही?

— एक श्रोता

प्रिय श्रोते,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो टाळून बाकीचं बोलले तर सगळंच गुळमुळीत वाटेल.

यसच्या त्याच नावाच्या अल्बमवरच्या 'क्लोज टू द एज' या रचनेला १९७२ पासून जी कीर्ती मिळत आली आहे ती माझ्या मते रास्त आहे. त्यानंतरच्याच स्टुडिओ अल्बमबद्दल, म्हणजे १९७३ च्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'बद्दल, मी असं म्हणणार नाही. दोन रेकॉर्ड, चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच रचना, सगळं मिळून ऐंशी मिनिटांच्या वर. त्यात सुंदर जागा आहेत, पण एका जागेपासून दुसरीपर्यंत पोचायला फार वेळ लागतो. हे फक्त बाहेरच्या लोकांचं मत नाही. त्यात कीबोर्ड वाजवणारा रिक वेकमन स्वतःच सांगत आला आहे की हाताशी असलेला ऐवज एका रेकॉर्डला जास्त आणि दोन रेकॉर्डांना कमी होता, म्हणून भर घालावी लागली. १९७४ मध्ये तो बँड सोडून गेला. अल्बम मात्र ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता. ड्रमवादक सोडला तर माणसं तीच, मधलं अंतर वर्ष-सव्वा वर्षाचं, आणि माझी मतं दोन टोकांची. त्यामुळे यस ओव्हररेटेड आहे का, याला एका शब्दात उत्तर द्यायला मी तयार नाही. कुठला अल्बम, कुठली बाजू, कितवं मिनिट, इथपर्यंत बोलणं आलं की मग मला भांडायलाही आवडेल.

म्हणून आधी त्या अठरा मिनिटांकडे जवळून बघू या.

सुरुवातीला पक्ष्यांचा आणि पाण्याचा आवाज हळूहळू वाढत जातो. मग कसलीही सूचना न देता अख्खा बँड एकदम अंगावर येतो. स्टीव्ह हाउची गिटार एकीकडे सुसाट सुटलेली, ख्रिस स्क्वायरचा बेस दुसरीकडे चढत चाललेला, आणि बिल ब्रुफर्डचे ड्रम या दोघांनाही टेकू न देता आपलाच हिशेब मांडत असतात. सम कुठे आहे हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सापडत नाही, आणि लवकर सापडू नये अशीच ती मांडणी आहे. मध्येच सगळे थबकतात, एकत्र गायलेला एक लांब स्वर येतो, आणि पुन्हा तोच कल्लोळ. पहिली तीनेक मिनिटं अशी जातात. तुम्ही पसारा म्हणालात तो बहुधा हाच भाग. तो पसारा आहेच, मी ते नाकारत नाही. तो कशासाठी मांडलाय हे साधारण साडेआठ मिनिटांनंतर कळतं. तिथे ताल जवळजवळ विरून जातो. कीबोर्डचे सुटे सुटे सूर, त्यावर यसचा गायक जॉन अँडरसनचा उंच आवाज, आणि त्याच्या खालून दुसऱ्या आवाजांनी धरलेली निराळीच ओळ. बाराव्या मिनिटाच्या सुमारास चर्चचा ऑर्गन सुरू होतो. हा खराखुरा पाइप ऑर्गन आहे, वेकमनने लंडनच्या एका जुन्या चर्चमध्ये जाऊन वाजवलेला. त्याचा पहिला भरदार स्वर लागतो तेव्हा आधीच्या साऱ्या धावपळीला एकदम अर्थ येतो.

ही रचना एकदा आठव्या मिनिटापासून ऐका आणि दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून ऐका. ऑर्गन तोच असेल, पण पहिल्या खेपेला तो छान वाटेल आणि दुसऱ्या खेपेला छातीवर वजन ठेवल्यासारखा वाटेल. ही त्या पसाऱ्याची कमाई आहे. तो कापून टाकला तर तुमचा दोन मिनिटांचा ऐवज शिल्लक राहील, पण त्यात दम उरणार नाही.

एवढं करूनही तुम्हाला ते आवडलं नाही, तर काहीही बिघडत नाही. अँडरसनचा आवाज ज्याला चालत नाही त्याला यस चालणं कठीणच आहे. रश या बँडचा गायक गेडी ली याच्याबद्दलही लोकांचं असंच होतं: पहिल्या ओळीतच माणूस आत तरी येतो नाहीतर दार लावून घेतो. शिवाय अँडरसन शब्द निवडतो ते बऱ्याचदा त्यांच्या नादासाठी. अर्थाचा धागा धरून ऐकणाऱ्याला तिथे चिडचिड होते, आणि ती चिडचिड खोटी नसते.

आता त्या दिवशी नेमकं काय झालं ते पाहू. तुमच्या तोंडून एका दमात तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. मला हे आवडत नाही, ही पहिली. याला पुरावा लागत नाही आणि कुणी मागूही नये. या रचनेत लोक म्हणतात तेवढं काही नाही, ही दुसरी. इथे मात्र दाखवून द्यावं लागतं: हा भाग विनाकारण लांबलाय, ही धून तीनदा येते पण तिसऱ्यांदा ती काही नवीन देत नाही, वगैरे. तुम्ही ते केलं नाहीत, एक आकडा फेकलात. तरीही इथपर्यंत गप्पा रंगल्या असत्या. तिसरी गोष्ट म्हणजे ज्यांना हे आवडतं ते हुशार दिसण्यासाठी तसं सांगतात. इथे संगीत संपलं आणि समोर बसलेल्या माणसावर आरोप सुरू झाला. आणि समोर कोण बसलं होतं? वडील गेल्यावर रोज रात्री ही रेकॉर्ड लावणारा माणूस. त्या रात्री ते कुणाला हुशार दिसण्यासाठी ऐकत होते?

इमर्सन, लेक अँड पामरचं नाव निघालं तेव्हा सगळे हसले, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर मी थोडी थांबले. कुणी दुखावलं नाही, कारण त्या खोलीत तो बँड कुणाचाच नव्हता. बिनवारशाच्या मालाची चेष्टा करायला काही लागत नाही. खरं तर मला तिथे तुमच्या मित्राशीच वाद घालायला आवडलं असतं. या तिघांवर दिखाऊपणाचा शिक्का बसलाय आणि त्याला कारणंही आहेत. १९७७ च्या 'वर्क्स'मध्ये तिघांनी एकेक बाजू वाटून घेतली, चौथी एकत्र केली, आणि पूर्ण ऑर्केस्ट्रा बरोबर घेऊन दौऱ्यावर निघाले. तो खर्च झेपला नाही आणि वाटेतच ऑर्केस्ट्रा सोडावा लागला. पण १९७० च्या पहिल्या अल्बममधलं शेवटचं गाणं ऐका, 'लकी मॅन'. ग्रेग लेकने ते बारा वर्षांचा असताना रचलं होतं. साधी अकूस्टिक गिटार, साधी चाल. आणि शेवटी कीथ इमर्सनचा मूग सिंथेसायझर खोल तळातून वर उसळतो, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत. इमर्सन नुसतं वाजवून बघत होता, आणि तोच पहिला प्रयत्न रेकॉर्डवर ठेवला गेला. दिखाऊ म्हणून ज्यांना हसायचं त्यांच्या हातून असं अवचित काहीतरी झालेलं आहे. ड्रीम थिएटरबद्दल मी लांबण लावत नाही. १९९२ चा 'इमेजेस अँड वर्ड्स' लावा आणि बोटांच्या वेगाकडे लक्ष न देता नुसत्या चाली ऐका, एवढंच सांगते.

तर कीर्ती जास्त की कमी, हे कुणाच्या हिशेबाने? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण प्रोग्रेसिव्ह रॉकच्या बाबतीत हा हिशेब सारखा उलटासुलटा झाला आहे. १९६९ मध्ये किंग क्रिमसनचा पहिला अल्बम आला तेव्हा काही समीक्षकांनी डोक्यावर घेतला, काहींनी नाक मुरडलं. पुढची चार-पाच वर्षं हे बँड मोठमोठी मैदानं भरवत होते. मग पंक हे साधं, आक्रमक रॉक आलं आणि हेच प्रोग्रेसिव्ह संगीत लाज वाटण्यासारखं ठरलं. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन 'पिंक फ्लॉइड'च्या वर 'आय हेट' लिहिलेला टीशर्ट घालून हिंडायचा. पण १९७७ च्या जुलैमध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओने त्याला आवडीची गाणी लावायला बोलावलं, तेव्हा त्याने पीटर हॅमिलची गाणी लावली. हॅमिल म्हणजे व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा गायक, अस्सल प्रोग्रेसिव्ह माणूस. टीशर्ट गर्दीसाठी होता, आवड त्याची स्वतःची होती. नंतर त्याने फ्लॉइडबद्दलही आपल्याला तितका राग नसल्याचं सांगितलं.

जेथ्रो टलच्या 'थिक ॲज अ ब्रिक'ची गोष्ट तर याहून मजेदार आहे. १९७२ चा अल्बम, दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, चाळीस मिनिटांच्या वर. आपल्या आधीच्या अल्बमला लोक उगाच 'कन्सेप्ट अल्बम', म्हणजे एकाच कल्पनेभोवती गुंफलेला अल्बम, म्हणतात म्हणून टलचा गायक आणि बासरीवादक इयन अँडरसनने त्या साऱ्या प्रकाराचीच नक्कल करायची ठरवली. आठ वर्षांच्या एका काल्पनिक मुलाची कविता, वेष्टण म्हणून अख्खं खोटं वर्तमानपत्र. लोकांनी तो मनापासून ऐकला, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेला, आणि पन्नास वर्षांनंतरही तो टिकून आहे. कारण नक्कल करता करता त्याच्या हातून उत्तम चाली बनल्या. आता त्याची खरी किंमत कोण ठरवणार? बनवणाऱ्याचा हेतू, समीक्षकाचा शेरा, विक्रीचा आकडा, यातलं काहीच त्या बासरीच्या तुकड्याला कमी-जास्त करत नाही.

तुमच्या खोलीत यस पूज्य आहे. खोलीबाहेर, अगदी रॉक ऐकणाऱ्यांतही, यसचं नाव काढलं की अनेक जण कपाळाला आठ्या घालतात. तुम्ही त्या खोलीतल्या देव्हाऱ्याला वैतागला होतात, असा माझा अंदाज आहे. सारखं कुणी 'हे ऐक, हे थोर आहे' म्हणत राहिलं की चांगल्या गोष्टीचाही राग येतो. तो राग समजण्यासारखा आहे. फक्त तो स्क्वायरच्या बेसवर काढून उपयोग नाही.

आता कच्च्या कानाबद्दल. दादांच्या मनाला लागलं होतं हे मान्य, पण ते वाक्य मला पटलं नाही आणि तेही त्यांना कुणीतरी सांगायला हवं. कारण त्या वाक्याला उत्तरच नसतं. आवडलं तर कान तयार, नाही आवडलं तर कच्चा; म्हणजे नावडण्याची सोयच ठेवली नाही. अशाने माणूस एक तर खोटं बोलायला लागतो किंवा यायचा बंद होतो.

त्यात खरा अंश एवढाच की लांब रचना ओळखीच्या व्हाव्या लागतात. १९६८ मध्ये रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की निरर्थक शब्द किंवा अनोळखी चिन्हं नुसती पुन्हा पुन्हा दाखवली तरी ती माणसांना अधिक बरी वाटू लागतात. गाण्याचंही बऱ्याच अंशी तसंच होतं. पुढे काय येणार याची चाहूल लागली की ते आल्याचा आनंद होतो. पण हा नियम दादांनाही लागू आहे. रोज रात्री लावलेल्या रेकॉर्डवरचं प्रेम काही प्रमाणात त्या सवयीतून आलेलं आहे, जसं तुमचं फ्लॉइडवरचं आलेलं आहे. सवयीतून आलं म्हणून ते प्रेम हलकं होत नाही. फक्त त्याच्या जोरावर दुसऱ्याला कमी लेखता येत नाही.

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७५७ मध्ये अभिरुचीवर एक निबंध लिहिला. चांगली पारख यायला सराव हवा, तुलना हवी, पूर्वग्रह बाजूला ठेवता यायला हवेत, असं त्याने आग्रहाने मांडलंय. दादांना तो भाग आवडेल. पण त्याच निबंधात तो असंही म्हणतो की रोमन लेखकांपैकी विसाव्या वर्षी माणसाला ओव्हिड आवडतो, चाळिशीत होरेस, आणि पन्नाशीत कदाचित टॅसिटस. स्वभावाप्रमाणे आणि वयाप्रमाणे होणाऱ्या अशा आवडीनिवडींत कुणाचा दोष नसतो. हा भाग तुमच्यासाठी. दोन्ही खरं आहे. कान घडवता येतो, आणि घडलेले दोन कान वेगवेगळ्या गोष्टींवर जीव टाकू शकतात.

आणि "तू आपला पिंक फ्लॉइडच ऐक" यातला तो 'आपला' मला खटकला. फ्लॉइड म्हणजे नवशिक्यांची पहिली पायरी, हा समज दर्दी मंडळींत फार पक्का आहे. 'द डार्क साइड ऑफ द मून' १९७३ मध्ये आला आणि १९८८ पर्यंत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकूण ७४१ आठवडे होता. एवढ्या लोकांना आवडतं म्हणजे ते सोपंच असणार, असा हिशेब लावला जातो. त्यातलं 'मनी' सात मात्रांत आहे. लाखो लोक ते गुणगुणतात आणि सात मोजतोय हे त्यांच्या गावीही नसतं. डेव्हिड गिल्मोरचा गिटारचा तुकडा सुरू होतो तेव्हा ताल चार मात्रांवर येतो, गाणं एकदम मोकळं होऊन धावतं, आणि मग पुन्हा सातात परततं. अवघड गोष्ट लपवून ठेवायला, ती दाखवण्याइतकंच कसब लागतं. क्लेअर टोरी ही गायिका त्या अल्बमसाठी एका दिवसापुरती आली आणि एकही शब्द न वापरता गाऊन गेली. त्या आवाजात जे आहे ते पहिल्या पायरीचं नाही. 'आवडायला सोपं' म्हणजे 'बनवायला सोपं' असं समजणं, हाच मला कच्चेपणा वाटतो.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात उपयोगाची वाटलेली ओळ म्हणजे फ्लॉइड आणि कॅमल आवडतात ही. या दोघांत एक धागा आहे. गिल्मोर काय किंवा कॅमलचा अँड्रयू लॅटिमर काय, दोघंही एका सुरावर थांबणारे गिटारवादक. सूर लावतात, धरून ठेवतात, त्याला श्वास घेऊ देतात. कॅमलचा १९७५ चा 'द स्नो गूज' तर शब्दांविना आहे, सगळी भिस्त चालीवर. म्हणजे तुम्हाला मोकळी जागा आवडते, एका वेळी एकच जण बोलत असलेला आवडतो. यस, निदान त्या अल्बममधलं यस, याच्या बरोबर उलट आहे. तिथे पाचही जण एकाच वेळी तोंड उघडतात आणि त्यातून एक अर्थ निघावा अशी अपेक्षा असते. तुमची नावड ही तुमच्या आवडीचीच दुसरी बाजू आहे. तुमच्या कानाला स्वतःचं मत आहे, एवढंच त्यातून कळतं.

त्याच धाग्यावर दोन-तीन गोष्टी सुचवते. 'क्लोज टू द एज'च्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला 'अँड यू अँड आय' आहे, दहाएक मिनिटांचं. यसमध्ये तुम्हाला जागा सापडलीच तर ती इथे सापडेल. जेनेसिसचं १९७३ चं 'फर्थ ऑफ फिफ्थ' ऐका: टोनी बँक्सचा पियानो, मग पीटर गेब्रिएलच्या बासरीवर येणारी एक धून, आणि तीच धून नंतर स्टीव्ह हॅकेट गिटारवर घेऊन सावकाश उलगडतो. आणि किंग क्रिमसनच्या १९७४ च्या 'रेड'मधलं शेवटचं 'स्टारलेस' नक्की ऐका. बारा मिनिटांची रचना आहे. आधी एक अतिशय उदास चाल येते. मग तेरा मात्रांच्या बेसच्या आवर्तनावर रॉबर्ट फ्रिप गिटारचा जवळजवळ एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, फार हळूहळू वर सरकवत, आणि खाली ड्रम पेटत जातात. मिनिटांमागून मिनिटं हेच. ऐकणाऱ्याच्या जिवाची घालमेल होते आणि मग तो बांध फुटतो. शेवटी ती पहिलीच चाल परत येते. लांबी ही या संगीतातली मूळ खोड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकावं. लांबीचं कारण कधी कधी अगदी साधंही होतं: रेकॉर्डच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं नीट मावायची, आणि समोर रिकामी बाजू असली की ती भरण्याची इच्छा व्हायची. काहींनी ती भरण्यासाठी भरली, काहींना खरोखर तेवढी जागा हवी होती. दोन्ही प्रकारचे लोक एकाच काळात, कधी एकाच बँडमध्ये होते.

आवडत नसताना आवडतं म्हणावं का? नाही. दादांसाठीसुद्धा नाही. तुम्ही 'वा' म्हणाल आणि त्यांना ते लगेच कळेल; इतकी वर्षं संगीत ऐकणाऱ्या माणसाला समोरच्याच्या 'वा'मधला खोटा सूर ऐकू येतोच. त्याने ते अधिक दुखावतील.

माफी मात्र मागा, पण नेमकी. यस आवडत नाही याची माफी मागू नका, ज्यांना आवडतं ते नाटक करतात असं बोललात त्याची मागा. आणि बैठकीत सगळ्यांसमोर नको. आधी एक फोन करा किंवा एकटे जाऊन भेटा. म्हणा, "दादा, यस मला अजून लागत नाही, हे खरं आहे. पण ज्यांना आवडतं ते नाटक करतात असं म्हणालो ते चुकलं. तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही हीच रेकॉर्ड लावायचात हे मला माहीत होतं, तरी बोललो." एवढंच. पुढे 'पण' जोडू नका, आणि ते तुम्हाला काय म्हणाले होते ते त्याच दमात काढू नका.

मग त्यांना एक विनंती करा. ती रेकॉर्ड लावा आणि जिथे तुम्हाला काही होतं तिथे हात वर करा, म्हणा. दादा कदाचित ऑर्गनच्या जागी हात वर करतील, कदाचित अशा एखाद्या जागी जी मला आणि तुम्हाला कधी दिसलीच नाही. ती जागा तुम्हाला आवडेलच असं नाही, पण दादांना ती का धरून ठेवते ते तुम्हाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल, आणि तुमच्या मैत्रीला तेवढं पुरेसं आहे. कच्च्या कानाचा विषय त्यांनी पुन्हा काढलाच तर न चिडता विचारा, "मला नेमकं काय ऐकू येत नाहीये ते दाखवा ना." हा प्रश्न मनापासून विचारला तर बहुतेक जाणकार माणसं वाद सोडून शिकवायला बसतात.

ओव्हररेटेड बँडचा तो खेळ बंद करू नका. मला तो आवडतो. मोठ्या नावांना प्रश्न विचारायची सवय राहिली पाहिजे, नाहीतर ऐकणं म्हणजे नुसता नमस्कार होऊन बसतं. फक्त नियम बदला: दुसऱ्याच्या लाडक्या बँडवर बोलायचं नाही, प्रत्येकाने आपल्याच लाडक्या बँडची सगळ्यात जास्त चढवून ठेवलेली रेकॉर्ड सांगायची, आणि कितव्या मिनिटाला ती ढेपाळते ते लावून दाखवायचं. सुरुवात तुम्ही करा, फ्लॉइडपासून. १९७० चा 'ॲटम हार्ट मदर' घ्या. ऑर्केस्ट्रा आणि कोरस घेऊन केलेली ती पूर्ण बाजूची रचना रॉजर वॉटर्स आणि गिल्मोर या दोघांनीही नंतर झिडकारली, तेव्हा मालाला तोटा नाही. दादांची पाळी आली की 'टोपोग्राफिक ओशन्स'चा विषय काढा. यसचे पक्के चाहते त्या चार बाजूंवरून आजही आपसात भांडतात, आणि दादांचंही त्यावर ठाम मत असणारच.